बिसरामचा सायफन

आमगावात एका उन्हाळ्यात एक गोष्ट कानाकानांतून फिरली. निघाली ती एका गच्चीवरून. मग किराण्याच्या दुकानात थांबली, सलूनमध्ये जाऊन बसली, स्टेशनवर गोंदियाच्या गाडीत चढली, आणि एवढा प्रवास करून थकण्याऐवजी अंगानं भरली. गोष्ट अशी, की पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या बिसरामचा मुलगा हिमांशू, गोंदियाच्या शाळेत गणित शिकवणारा, चष्मेवाला, लग्नाला आलेला चांगला बाप्या माणूस, अजून झोपेत अंथरूण ओलं करतो. इतकं उघड कुणी बोलत नसे. सांगणारा आधी इकडंतिकडं पाहायचा, करंगळी जराशी वर करायचा आणि म्हणायचा, "पोट्ट्याचा सायफन ढिला हाये."

ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांना सायफन म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. करंगळी पाहून त्यांनी अर्थ लावला आणि शब्द तसाच पुढं दिला. वांगं घेताना जी माणसं दहादा उलटून पाहतात, तीच बातमी मात्र न पाहता पिशवीत टाकतात.

एरवी असली गोष्ट पावसाळा लागला की आपोआप विसरली जाते. पण ही गोरेगावच्या आठवडी बाजारात जाऊन पोचली, आणि गोरेगावात भूमिका राहत होती. हिमांशूचं आणि तिचं जमत आलं होतं. दोघांनी एकमेकांना पाहून झालं होतं, फोनवर बोलणं चालू होतं, आणि ज्या पोराच्या तोंडून घरात दिवसभरात चार शब्द निघत नसत तो गच्चीवर जाऊन तासभर हसत बोलायचा. आता भूमिकाच्या घरच्यांनी येऊन घर पाहायचं आणि साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायची, एवढंच उरलं होतं. हिमांशूची आई शामकला या स्थळाला जीवापाड जपत होती. आधीची स्थळं नवऱ्याच्या बडबडीनं पळवली होती, हे तिला पक्कं माहीत होतं. हेही गेलं तर पोरगा पुन्हा तोंड उघडणार नाही, हेही माहीत होतं.

तर हा बिसराम कोण, ते आधी सांगितलं पाहिजे. त्याच्यावर इतके शब्द खर्च करावे अशी त्याची लायकी नाही, पण त्याच्याशिवाय गोष्ट पुढं सरकत नाही.

बिसराम कालव्यावर चौकीदार म्हणून लागला आणि चौकीदार म्हणूनच निवृत्त झाला. मधल्या काळात त्याचं काम असं, की वरून निरोप आला की गेटचं चाक फिरवायचं आणि दुसरा निरोप आला की उलटं फिरवायचं. ते चाक कुणीही फिरवलं असतं. बैलानंही फिरवलं असतं, आणि संध्याकाळी घरी येऊन त्यावर भाषण दिलं नसतं. बिसराम मात्र पायातली चप्पल काढता काढता सांगायचा, आज आपण एवढ्या गावांना पाणी दिलं. जणू काही धरण त्याच्या खिशात होतं.

त्याच्या हद्दीत एक सायफन होता. कालव्याच्या वाटेत एक नाला आडवा यायचा. तिथं कालव्याचं पाणी मोठ्या नळातून नाल्याच्या खालून जायचं आणि पलीकडं पुन्हा वर येऊन आपल्या वाटेला लागायचं. तो बांधणारे कधीच बदलून गेले होते. बिसरामकडं काम होतं ते सायफनच्या तोंडाशी अडकलेला पालापाचोळा दाताळ्यानं ओढून काढायचं. एकदा पाहणीला आलेल्या एका साहेबाला काय लहर आली, त्यानं उभ्या उभ्या बिसरामला समजावून सांगायला घेतलं, की खाली गेलेलं पाणी पलीकडं वर कसं चढतं. साहेबाचं अर्धं सांगून झालं आणि जीप आली. साहेब गेला. उरलेलं अर्धं, म्हणजे पलीकडलं तोंड कसं असावं आणि मध्ये हवा अडकली तर काय होतं, ते जीपमधून गेलं. बिसरामनं ते अर्धं स्वतःच तयार केलं. त्या दिवसापासून त्याचा असा समज झाला, की पाणी वर चढतं ते सायफन नावाच्या विद्येनं, आणि या मुलखात ती विद्या एका माणसाला येते.

मग सायफन घरात शिरला. जेवायला बसला की हा भाताचा बांध घालायचा, मधून बोटानं वितरिका, म्हणजे लहान पाट, काढायचा, लिंबाची फोड लावून गेट करायचा आणि वरण सोडून पाहुण्यांना दाखवायचा. पाहुण्यांचा घास हातात राहायचा. लग्नाच्या पंगतीत शेजारच्या माणसाला सायफन समजावून सांगायचा, मयतीला गेला तर स्मशानाच्या वाटेवर सांगायचा. कचारगडला यात्रेत गेला तेव्हा गुहेत टपकणाऱ्या पाण्यापुढं लोक हात जोडून उभे होते, आणि हा बाजूच्या माणसाला सांगत होता की वर कुठंतरी सायफन असला पाहिजे. तो माणूस हात जोडलेलेच ठेवून दुसरीकडं जाऊन उभा राहिला.

शामकलानं लग्नानंतर काही दिवस ऐकलं. मग तिनं ऐकणं सोडलं आणि मध्ये मध्ये "हो का" म्हणायचं तेवढं ठेवलं. तांदूळ निवडता निवडता, लसूण सोलता सोलता ती ठरलेल्या जागी "हो का" टाकायची. बिसरामला वाटायचं, बाई आपल्यावर मोहित आहे.

भूमिकाचं स्थळ आलं तसा एसीचा विषय निघाला. आजकाल पोरीकडचे लोक घर पाहायला येतात तेव्हा आधी भिंतीकडं पाहतात, मग पोराकडं. हिमांशूच्या खोलीत एसी लावायचं ठरलं. लावायला गोंदियाहून गुड्डू नावाचा एसीवाला आला. कानात फोनची तार, तोंडात तंबाखूचा खर्रा, आणि कामाविषयी इतका निर्विकार, की ग्राहकानं सांगितलं असतं तर त्यानं एसी झाडावर लावून दिला असता.

एसीचं साधं असतं. थंड हवा करता करता त्याच्या आतल्या डब्यात पाणी साठतं, आणि ते बाहेर जायला एक नळी लागते. मागच्या भिंतीला भोक पाडायचं, नळीला खाली उतार द्यायचा, तोंड मोकळं सोडायचं. पाणी आपल्या पायानं जातं. कुणाच्या विद्येची गरज नसते. गुड्डूनं भोक पाडायचं मशीन पिशवीतून काढलंही होतं. पण बिसराम खुर्ची टाकून बसला होता.

तो म्हणाला, पाणी बाहेर सोडायचं नाही. आपण आयुष्यभर पाणी दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत सोडलं, आता पहिल्यांदा स्वतःच्या घरात पाणी तयार होणार, ते गल्लीत कायले सोडायचं. पलीकडच्या खोलीत, जिथं तो आणि शामकला झोपायचे, तिथं कूलर होता. खिडकीशी लोखंडी स्टँडवर ठेवलेला, वाळ्याच्या ताट्या लावलेला, जुना. एसीचं पाणी त्या कूलरच्या टाकीत न्यायचं. म्हणजे पोरगा एसीत झोपेल आणि त्याच पाण्यावर आई-बाप कूलरमध्ये झोपतील. नळी न्यायला दोन्ही खोल्यांच्या मधल्या दारावर टीव्हीच्या तारेसाठी पाडलेलं एक भोक आधीच होतं. फक्त ते जरा उंचावर होतं. नळी आधी खाली यायची, मग चौकटीवरून वर चढायची, मग पलीकडं उतरायची.

गुड्डूनं एकदा नळीकडं पाहिलं, एकदा भोकाकडं. बिसरामनं त्याला विचारायची संधी दिली नाही.

"हे सायफन हाये. पाणी वर चढते. पण चढवता आलं पाह्यजे."

गुड्डूचं भिंत फोडायचं काम वाचत होतं. त्यानं मशीन परत पिशवीत ठेवलं, "हो जाएगा, काकाजी," म्हणाला, नळी सांगितली तशी लावली, चहा प्याला आणि गेला. दोघांचीही बुद्धी अशी अगदी मापात जुळली.

सुरुवातीला हवा कोरडी होती. एसीतून पाणी निघायचं ते थोडं, आणि नळीचं तोंड कूलरच्या टाकीत मोकळं लटकायचं, त्यामुळे पाणी रडतखडत का होईना पलीकडं पोचायचं. झालं. बिसरामनं अर्ध्या आमगावाला बोलावून ते दाखवलं. पोस्टमनला दाखवलं, गॅस घेऊन आलेल्याला दाखवलं. लोक कूलरपुढं वाकून उभे राहायचे, नळीतून एक थेंब पडायचा, बिसराम विचारायचा चढलं का नाही. लोक म्हणायचे चढलं, आणि घड्याळाकडं पाहायचे.

मग पावसाच्या आधीची उमस सुरू झाली. अंगाला कपडा चिकटायला लागला. आता एसीतून पाणी भळभळा निघायला लागलं, आणि इकडं शामकला संध्याकाळी कूलरची टाकी काठोकाठ भरायला लागली. टाकी भरली की नळीचं तोंड पाण्यात बुडायचं. चौकटीवरच्या उंचवट्यात हवा अडकायची. एसीचं पाणी तिथवर यायचं, पुढं वाट नाही म्हणून मागं फिरायचं, आणि आतल्या डब्यातून सरळ खाली पडायचं. खाली हिमांशूचा पलंग होता.

रोज सकाळी गादी मधोमध ओली. पोरानं आईला सांगितलं, आईनं बापाला सांगितलं. बिसराम म्हणाला, घाम आहे. गादी पिळली तर पाणी निघत होतं, तरी घाम. मग म्हणाला, पोरानं पाण्याची बाटली सांडली असेल. मग छताला ओल आली असेल. कापूसच ओला भरला असेल इथपर्यंत त्याची मजल गेली. जगातली प्रत्येक ओली वस्तू त्यानं मोजली, तेवढी नळी सोडून. हिमांशू एकदा हळूच म्हणाला, बाबा, वरून पडते, माह्या अंगावर पडते. बाप म्हणाला, स्वप्न पडलं असंन.

पोरगा तरी काय. शाळेत पोरांचं एक चिन्ह चुकलं तर फळ्याशी उभं करणारा मास्तर, बापापुढं मात्र तोंडाला कुलूप. तो पलंगाच्या कडेला सरकून, भिंतीला पाठ लावून झोपायला शिकला. पलंग हलवू म्हटलं तर बिसराम हलवू देईना, कारण पलंग हलवणं म्हणजे सायफन गळतो हे मान्य करणं. शेवटी शामकलानं गादीवर एक मेणकापड घातलं, लहान पोरांच्या खाली घालतात तसं लाल. त्यानं गादी जरा वाचली आणि पोराची अब्रू गेली. कारण आता सकाळी गच्चीवर गादीशेजारी ते मेणकापडही वाळायला लागलं.

गच्चीला लागून अल्काची गच्ची. अल्काला दोन लुगडी वाळत घालायला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात दुसरी बाई अर्धी बांधी रोवून येईल. तिनं गादी पाहिली, मेणकापड पाहिलं, रोज पाहिलं. पण शामकलाला तिनं कधी विचारलं नाही. नुसती मान कलती करून पाहायची, दुखणं आलेल्या घराकडं पाहतात तसं. एके दिवशी मात्र कपडे झटकता झटकता म्हणाली, "वहिनी, काळजी नोका करू. लग्न झालं का सुटते म्हणतात. माह्या भाच्याचं सुटलं."

शामकलाला काही कळलं नाही. कळलं ते त्याच संध्याकाळी. हिमांशू गाडीतून उतरून आला, चप्पल न काढता खुर्चीवर बसला, आणि म्हणाला की स्टेशनवर लोक त्याच्याकडं पाहून करंगळी वर करून राहिले. भूमिकाचा फोन आला होता का, असं आईनं विचारलं. आला होता. तिच्या मामानं तिला हिमांशूच्या तब्येतीविषयी काही विचारलं होतं.

दुसऱ्या दिवशी शामकला गच्चीवर गेली आणि अल्काला सरळ सांगून आली, की ते एसीचं पाणी आहे, वरून गादीवर पडते. अल्कानं सगळं ऐकून घेतलं. हो वहिनी, एसीचंच असंन, म्हणाली. पण तिच्या आवाजात एवढी दया होती, की शामकलाला आपण खोटं बोलल्यासारखं वाटलं. वर अल्कानं विचारलंच, "पण भाऊ त सांगून राहिले, नळी पक्की हाये म्हणून." खरंच होतं. आमगावात घरोघरी जाऊन नळी पक्की असल्याचं बिसरामनं सांगून ठेवलं होतं. नळी पक्की असेल तर पाणी पोराचंच, एवढा हिशेब अल्कालाही येत होता.

मग एक दिवस नळाला पाणी आलं नाही. कूलर भरायचा राहिला. सकाळी हिमांशूची गादी कोरडी ठणठणीत. शामकलानं गादीवरून हात फिरवला, कूलरच्या टाकीत वाकून पाहिलं, नळीचं तोंड हवेत लटकलेलं होतं. तिला जे कळायचं ते कळलं. तिनं नवऱ्याला बोलावून दाखवलं. बिसराम म्हणाला, योगायोग. आणि सायफन निर्दोष आहे हे दाखवायला त्या संध्याकाळी त्यानं स्वतः बादल्या आणून टाकी काठोकाठ भरली. सकाळी गादी ओली चिंब. बिसराम गादीकडं पाहत राहिला, नळीकडं पाहत राहिला, आणि दुपारी जेवताना त्यानं भाताचा बांध घातला नाही. लग्न झाल्यापासून शामकलानं त्याला सपाट भात खाताना पाहिलं नव्हतं. तेव्हा तिला वाटलं, आता हा माणूस मान्य करेल.

तिनं मागितलं तरी काय होतं. "अजी, नळी बोटभर वर घ्या. पाण्याच्या वर. बस."

बिसराम म्हणाला, "मंग तो सायफन राहते का?"

झालं. त्याच्या डोक्यात सायफन म्हणजे दोन्ही तोंडं पाण्यात. कालव्यावर तसंच होतं. नळी वर घेतली तर ती नुसती नळी. आणि ज्यांना ज्यांना बोलावून सायफन दाखवला त्यांना काय सांगायचं, हा त्याला खरोखरचा प्रश्न होता. पोरगा स्टेशनवर कोणत्या वाटेनं जातो, हा त्याला प्रश्न नव्हता. मग रोज एक खेळ सुरू झाला. शामकला नळी वर ओढून खिळ्याला अडकवायची, बिसराम कुणी पाहत नाही असं पाहून ती पुन्हा बुडवायचा. ती टाकी अर्धी ठेवायची, हा एक बादली ओतायचा. पोरगा भिंतीला चिकटून झोपायचा.

अशात गोरेगावहून निरोप आला, की घर पाहायला येतो. भूमिकाचा मामा केवलराम आणि तिची आई. शामकलानं घर धुतलं, पडदे बदलले, मेणकापड घडी करून कोठीत ठेवलं. आणि सकाळीच नवऱ्याला समोर बसवलं. तिनं त्याला सांगितलं, की ते विचारतील, नक्की विचारतील, कारण त्यासाठीच ते येऊन राहिले. विचारलं की एवढंच सांगायचं, एसीची नळी चुकली आहे, पाणी मागं फिरते. एक वाक्य. बिसरामनं मान डोलावली. तिनं ते वाक्य त्याच्याकडून बोलून घेतलं. त्यानं बोलून दाखवलं, शाळेतल्या पोरासारखं.

दुपारच्या बसनं पाहुणे आले. हिमांशू शाळेत होता. केवलराम म्हणजे स्वच्छ पांढरा सदरा, पुढं आलेलं पोट, मोकळं टक्कल, आणि कोणतीही गोष्ट सरळ विचारण्यात आपली इज्जत कमी होते अशी समजूत. त्यानं आधी पावसाचं विचारलं, मग धानाच्या रोपांच्या पऱ्ह्याचं, मग बिसरामच्या गुडघ्याचं. पाहुण्यांना हिमांशूच्या खोलीत बसवलं होतं, एसी लावलेला होता. भूमिकाची आई खुर्चीवर, डोक्यावर पदर घेऊन, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहत होती. शामकला पाण्याचे पेले घेऊन दाराशी आली तेव्हा केवलराम फिरत फिरत मुद्द्यावर पोचत होता.

"बाकी पोराची तब्येत कशी काय हाये, बिसरामजी?"

शामकला तिथंच थांबली. तिनं नवऱ्याकडं पाहिलं. बिसरामनं घसा खाकरला, वर एसीकडं पाहिलं, दारावरून गेलेल्या नळीकडं पाहिलं. त्याच्या तोंडाशी ते वाक्य आलं होतं. ते तिला दिसलं, त्याच्या ओठांवर. मग त्यानं ते गिळलं.

"आता फरक हाये," बिसराम म्हणाला. "औषध चालू हाये."

भूमिकाच्या आईनं कॅलेंडरवरून नजर काढली. केवलराम जरा पुढं सरकला, आवाज खाली आणला, आणि म्हणाला की त्याचं असं आहे, आपण लोकांच्या बोलण्यावर जाणारे नाही, पण बाजारात कुणीतरी म्हणत होतं का पोराचा सायफन... आणि इथं त्यालाच लाज वाटली, तो थांबला.

 गादीचं बोलणं ऐकून शामकलाला अल्काचा राग आला होता, आमगावाचा राग आला होता. पण लोक नेमकं काय म्हणतात, कोणत्या शब्दात म्हणतात, हे आजवर तिच्यासमोर कुणी उच्चारलं नव्हतं. सायफन. एवढ्या आमगावात तो शब्द मुळात एकाच तोंडातला होता. तिनं त्या तोंडाकडं पाहिलं. तोंड घाम पुसत होतं.

तिनं पेले टेबलावर ठेवले. पलीकडच्या खोलीत गेली, अंगणातून एकामागून एक बादल्या आणल्या आणि कूलरची टाकी काठोकाठ भरली. नळी खिळ्याला अडकवलेली होती, ती काढून तोंड चांगलं खाली बुडवलं. मग परत येऊन केवलरामला म्हणाली, मामाजी, तिथं गरम होत असंन, इथं पलंगावर बसा, इथं हवा चांगली लागते. आणि त्याला अगदी मधोमध बसवून पोहे करायला निघून गेली.

पोहे तिनं सावकाश केले. कांदा बारीक चिरला, शेंगदाणे वेगळे तळले. आतून बिसरामचा आवाज येत होता. विषय बदलायला मिळाला म्हणून तो खूश होता आणि पाहुण्यांना सायफनचा इतिहास सांगत होता. साहेब, जीप, नाला, सगळं झालं. पोह्यांच्या बशा घेऊन ती आत गेली. केवलरामनं बशी हातात घेतली, पहिला घास उचलला, आणि त्याच्या टकलावर एक थेंब पडला.

त्यानं लक्ष दिलं नाही. दुसरा पडला तेव्हा त्यानं हात फिरवला. तिसरा मानेवरून सदऱ्यात उतरला. मग थेंब थेंब राहिलेच नाहीत, बारीक धार लागली, अर्धी पोह्यात आणि अर्धी पांढऱ्या सदऱ्यावर. केवलरामनं वर पाहिलं. मग गादीवर पसरत चाललेला ओला डाग पाहिला. मग त्यानं त्या डागाला बोट लावलं, आणि आता लपवायचं काय, त्या बोटाचा वासही घेतला.

शामकला म्हणाली, "मामाजी, हाच माह्या पोराचा आजार. तुमी बसले तिथं तो झोपते."

भूमिकाच्या आईनं पदर तोंडावर घेतला. तिचे खांदे हलत होते. केवलराम बशी हातात धरून, धारेतून बाजूला न होता, नळी कुठून कुठं गेली आहे ते पाहत होता. अशा वेळी नवऱ्यानं निदान गप्प बसावं. पण बिसराम उठला, नळी हातानं चाचपली आणि पाहुण्यांना म्हणाला, "हवा घुसली असंन."

चार दिवसांनी गोरेगावहून फोन आला. साक्षगंध पक्कं. भूमिका म्हणे मामाची गोष्ट ऐकून इतकी हसली की तिला उचकी लागली, आणि त्याच उचकीत तिनं हो म्हटलं. पण केवलरामची एक अट होती. लग्न झाल्यावर पोरगा-पोरगी गोंदियाला खोली करून राहतील. या घरात नाही. ही अट त्यानं पहिल्यांदाच सरळ सांगितली, कोणताही वळसा न घेता: "पोट्ट्यात खोट नाई, बिसरामजी. पण जो बाप एका नळीसाठी पोराले बिमार करते, त्याच्या घरात पोरगी कायले पाठवावी?"

बिसरामनं फोन ठेवला आणि बायकोला सांगितलं, की गोरेगावच्या लोकांना पाण्यातलं काही कळत नाही.

लग्न चांगलं झालं. हिमांशू गोंदियाला गेला. जाताना कपडे नेले, पुस्तकं नेली, गादी नेली नाही. आता तो बोलतो म्हणे, वर्गाबाहेरही. भूमिकाला घेऊन सणावाराला येतो आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जातो.

एसीची खोली रिकामी झाली तशी बिसरामनं ती घेतली. त्याला नळी वर घ्यायला कुणी सांगत नाही आता. शामकला तर मुळीच नाही. ती पलीकडच्या खोलीत कूलरच्या वाऱ्यात कोरडी झोपते. उन्हाळा लागला की रोज संध्याकाळी आपल्या हातानं टाकी भरते, काठोकाठ, आणि नळीचं तोंड नीट बुडालं आहे की नाही ते बोट घालून पाहते. सकाळी बिसराम काखेत गादी मारून गच्चीवर येतो. लाल मेणकापडही असतं. अल्का कपडे वाळत घालत असते. तिची मान कलती होते. किराण्याच्या दुकानात करंगळी पुन्हा वर गेली आहे, आणि पोरानं हे कुणाकडून घेतलं याचं उत्तर आमगावाला आता मिळालं आहे.

खरं एवढंच आहे. गादी एसीच्या पाण्यानं ओली व्हायची. आणि अल्कानं गच्चीवर पहिल्यांदा बिसरामलाच विचारलं होतं, की गादी रोज काऊन वाळवता. नळी गळते असं सांगावं लागू नये म्हणून, पोट्ट्याचा सायफन ढिला आहे, असं तिला त्यानंच सांगितलं होतं.